जामानिमा आणि घाम

मंडळी, आजचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा आहे, आणि तुम्ही तो तसा नेलात तरी माझी काही हरकत नाही. प्रसंगाला न शोभेल इतका भारी किंवा हवेला न मानवेल इतका उबदार पोशाख माणसं का करतात, आणि एकदा केला की पिढ्यान्‌पिढ्या तो अंगावर का वागवतात, एवढाच प्रश्न आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं कपड्यांवर का बोलावं, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर सोपं आहे. 'औचित्य' हा शब्द आमच्या घरचा आहे. कपड्यांनी तो आमच्याकडून उसना नेला, की आम्ही कपड्यांकडून आणला, एवढंच काय ते ठरायचं बाकी आहे.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र नावाचा पंडित होऊन गेला. त्याचा 'औचित्यविचारचर्चा' हा छोटा ग्रंथ आहे. विषय काव्याचा, पण मुद्दा पटवायला त्यानं दृष्टांत घेतला तो दागिन्यांचा. कमरेची मेखला कुणी गळ्यात घातली, गळ्यातला हार कमरेला बांधला, पायातलं नूपुर हातात चढवलं, तर लोक हसणार नाहीत तर काय करतील? दागिना सोन्याचाच आहे, घडणावळ उत्तम आहे, पण जागा चुकली. म्हणजे वस्तू चांगली असून भागत नाही, ती आपल्या ठिकाणी असावी लागते. दृष्टांत उत्तम आहे यात शंका नाही. पण त्याच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे, ते बघा. हाराची जागा गळा, हे सर्वांना आधीच ठाऊक आहे आणि मान्य आहे, असं क्षेमेंद्र धरून चालतो. आता समजा, एका माणसाला गळ्यात हार घालायलाच गावानं बंदी केलेली आहे. तो हार घालून बाहेर पडला तर गावाच्या दृष्टीनं ते अनौचित्यच होणार. मग हसायचं कुणाला? हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पुढे तो आपल्याला गाठणार आहे.

आधी भाषेकडे वळू. मराठीत अशा पोशाखासाठी एक फार सुंदर शब्द आहे : जामानिमा. "एवढा जामानिमा करून कुठं निघालात?" असं आपण विचारतो, तेव्हा त्यात थोडं कौतुक असतं आणि थोडी टिंगल असते. शब्द फारसीतून आला. जामा म्हणजे घोळदार लांब अंगरखा, निमा म्हणजे त्याच्यासोबतचा आखूड कपडा. दरबारात जायचं तर दोन्ही हवेत. पण गंमत अशी की हा जामा उन्हाळ्यात पुष्कळदा मलमलीचा असे, इतका तलम की आतलं दिसावं. मोगल काळातली चित्रं पाहिलीत तर लक्षात येईल, उन्हाळी दरबारातला सरदार पूर्ण औपचारिक आहे आणि तरी हवेशीर आहे. म्हणजे औपचारिक आणि गरम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या डोक्यात त्यांची सांगड इतकी पक्की बसली आहे की 'नीटनेटका पोशाख' म्हटलं की आपल्याला अस्तर लावलेला कोटच दिसतो. ही सांगड गेल्या दीड-दोनशे वर्षांतली. थंड देशातला औपचारिक पोशाख गरम देशात आला, त्यातून ती बसली.

पण सगळं खापर इंग्रजांवर फोडून मोकळं होणं हा आपला आवडता उद्योग आहे, तो आज करायचा नाही. घरचंही थोडं बघू. सोवळं घ्या. धुऊन वाळत घातलेलं सुती वस्त्र कुणी शिवलं की ओवळं होतं. रेशीम आणि लोकर मात्र सहज विटाळत नाही, असा समज. म्हणून पूजेला कद, मुकटा, आणि ते नसेल तर धाबळी. धाबळी म्हणजे लोकरीचं वस्त्र. आता वैशाखातली दुपार, स्वयंपाकघरात चूल पेटलेली, आणि चुलीपुढे बसलेली बाई धाबळी नेसून नैवेद्याचा स्वयंपाक करते आहे. हे चित्र तुमच्यातल्या माझ्या वयाच्या मंडळींनी पाहिलेलं असेल. तिथं इंग्रज नव्हता. तिथं कापडाचा गरमपणा हा नियमाचा हेतूही नव्हता, तो नियमाचा भुर्दंड होता. आणि तो भरणारी व्यक्ती नियम करणारी नव्हती. ही गोष्टही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट सत्तेची. आपल्या इतिहासात 'वस्त्रं मिळणं' याचा अर्थच मुळी पद मिळणं असा आहे. 1713 साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रं मिळाली, असं आपण शाळेत शिकलो. कुणी विचारलं नाही की सर, नुसती वस्त्रं कशी काय मिळाली, सनद-बिनद काही? कारण वस्त्र हीच सनद. उत्तरेत तिला खिलत म्हणत. बादशहानं दिलेला पोशाख अंगावर घालायचा म्हणजे त्याची चाकरी अंगावर घ्यायची. 12 मे 1666 ला आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांच्या बाबतीत जे घडलं त्याची जयपूर दरबारच्या माणसांनी लिहिलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत. त्यात जागेचा अपमान आहेच, पण खिलतीचाही आहे. इतरांना ती दिली गेली, महाराजांना नाही. आणि नंतर समजूत काढायला देऊ केली तेव्हा महाराजांनी ती घ्यायलाच नकार दिला. कापड नाकारणं म्हणजे काय हे त्या दरबारातल्या प्रत्येकाला तत्काळ कळलं असणार. अशा व्यवहारात पोशाख हवेला मानवतो की नाही हा प्रश्नच गैरलागू. तुम्ही अंगात घालता ती दुसऱ्याची मर्जी असते. मर्जी गरम होते म्हणून कुणी काढून ठेवत नाही.

या व्यवहाराचं शेपूट अजून आपल्याकडे वळवळतं आहे. आत्ता व्याख्यानाआधी संयोजकांनी प्रेमानं माझ्या खांद्यावर शाल घातली. महिना मे. सभागृहातले दोन पंखे बंद आहेत, असं अध्यक्षांनीच सांगितलं. शाल आणि श्रीफळ, यातल्या श्रीफळाचा या दिवसांत निदान उपयोग तरी आहे. पेशवाईत पाहुण्यांचा, शास्त्र्यांचा सन्मान शालजोडी देऊन होई. काश्मिरी शाल किमती होती, म्हणून ती मानाची. थंडी असो नसो. आजची शाल किमतीही नसते आणि उबेचीही गरज नसते, पण मान तिच्याशिवाय पोचत नाही. आमच्या भाषेनं मात्र याच शालजोडीतून जोडे मारायची सोय करून ठेवली, हे तिचं शहाणपण. असो. शाल मी घडी करून बाजूला ठेवली आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नये.

आता इंग्रज. इथं जरा थांबायला हवं, कारण इथं उबदार कपड्याला शास्त्राचा पाठिंबा मिळाला, आणि शास्त्राचा पाठिंबा मिळालेली चूक फार काळ टिकते.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांची समजूत अशी होती की उष्ण देशात घामेजलेल्या शरीराला अचानक गारवा लागणं हे रोगाचं मोठं कारण. विशेषतः पोटाला गारवा लागला की पटकी होते. उपाय काय, तर पोटाभोवती फ्लॅनेलचा रुंद पट्टा गुंडाळायचा. त्याला नावच 'कॉलरा बेल्ट' पडलं. हिंदुस्थानातला गोरा सोल्जर उन्हाळ्यात अंगावर गणवेश, आणि त्याच्या आत पोटाला लोकरीचा पट्टा बांधून कवायत करत असे. 1854 साली लंडनमध्ये जॉन स्नो यानं दाखवून दिलं की पटकी पाण्यातून पसरते. 1884 साली रॉबर्ट कॉख यानं इथं कलकत्त्यात येऊन तिचा जंतू पक्का केला. पट्टा सुटला का? नाही. विसावं शतक उजाडलं तरी पट्टा होताच. कारण दिलं जाई ते बदललं : आता पटकीसाठी नाही, तर एकूण पोटासाठी चांगला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगत असे की एखाद्या समजुतीचा आधार काढून घेतला की ती कोसळते, हे पुस्तकात खरं आहे. व्यवहारात ती नवा आधार शोधते.

डोक्याचंही तसंच. सोला हॅट तुम्ही जुन्या चित्रपटांत पाहिली असेल. सोला ही पाणथळ जागी वाढणारी वनस्पती, आपल्याकडे जिला भेंड म्हणतात आणि जिच्या गाभ्याची बाशिंगं करतात, तीच जात. टोपी हलकी, सावली देणारी, म्हणजे वस्तू म्हणून अगदी शहाणपणाची. वेडेपणा होता तो तिच्याभोवतीच्या भीतीचा. सूर्याचे अदृश्य किरण कवटी भेदून गोऱ्या माणसाच्या मेंदूवर आणि पाठीच्या कण्यावर घाला घालतात, असं सांगितलं जाई. म्हणून काहीजण पाठीवर कण्यासाठी कापडाची जाड पट्टीही लावत. अमेरिकन लष्करातला डॉक्टर चार्ल्स वुड्रफ यानं 1905 साली उष्ण कटिबंधातल्या प्रकाशाचे गोऱ्यांवर काय परिणाम होतात यावर पुस्तकच लिहिलं. त्याच सुमाराला फिलिपीन्समध्ये अमेरिकन सैनिकांना नारिंगी-लाल रंगाचे अंतर्वस्त्र देऊन प्रयोग झाला, की या रंगानं किरण अडतात का. निष्कर्ष निघाला तो असा की हे कपडे घालणाऱ्यांना अधिक उकडतं. एवढ्यासाठी सैनिकांना वर्षभर लाल बनियन घालावं लागलं! आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्यानं ते फुकट सांगितलं असतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो सैनिक साध्या टोप्या घालून, उघड्या अंगानं उन्हात वावरले, कुणाचा मेंदू वितळला नाही, आणि सोला हॅट गुपचूप अडगळीत गेली.

खाकीचा उल्लेख करायलाच हवा, कारण ते उलट उदाहरण आहे. पेशावरकडे हॅरी लम्सडेन यानं 1846-47 च्या सुमारास आपल्या गाइड्स पथकासाठी सैल, धुळीच्या रंगाचे कपडे काढले. खाक म्हणजे धूळ, राख. 1857 च्या उन्हाळ्यात लाल लोकरी कोटातली फौज उष्म्यानं हैराण झाली, तेव्हा इतर पलटणींनीही आपले पांढरे सुती कपडे चहाच्या पाण्यात, मिळेल त्या रंगात बुडवून खाकी करून घेतले. युद्ध संपलं आणि लाल कोट परत आला! कवायतीच्या मैदानावर पुन्हा लोकर. संपूर्ण ब्रिटिश सैन्याचा नेहमीचा कामाचा गणवेश खाकी व्हायला 1902 उजाडलं. जिवावर बेततं तेव्हा माणूस हवेप्रमाणे कपडे घालतो. संकट टळलं की पुन्हा पदाप्रमाणे.

बरं, साहेबानं लोकर घातली ती त्याची समजूत. आपल्या लोकांनी ती का उचलली? 'नक्कल' हे उत्तर सर्रास दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं, थोडं तुच्छतेचंही वाटतं. एक वस्तुस्थिती सांगतो. कंपनी सरकारच्या दरबारात, कचेऱ्यांत एतद्देशीयांनी जोडे बाहेर काढून आत यावं, असा रिवाज होता. मोजे-बूट घालून बसलेल्या साहेबापुढे अनवाणी उभं राहायचं. 1854 साली सरकारनं एक सवलत दिली : जे नेटिव्ह गृहस्थ विलायती पद्धतीचे बूट-मोजे घालतील, त्यांना ते काढायची गरज नाही. आता मला सांगा, अशा वेळी बूट घेणारा माणूस नक्कल करतो आहे, की अनवाणी उभं राहण्यातून सुटका विकत घेतो आहे? पायाला घाम येईल, चावतील, सगळं कबूल. पण तो उंबरठ्यावर वाकणार नाही. विलायती पोशाखातला घाम ही कित्येकांच्या दृष्टीनं अपमानापेक्षा स्वस्त वस्तू होती.

गांधीजींची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचायला हवी. 1888 साली बॅरिस्टर व्हायला ते विलायतेला गेले. बोटीवर काळा सूट घातला, आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा एक सूट खास उतरताना घालायचा म्हणून राखून ठेवला. पांढरा अधिक शोभून दिसेल असं वाटलं. साउदॅम्प्टनला उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता, आणि अख्ख्या धक्क्यावर पांढरे कपडे घातलेला माणूस एकटाच. सामान आणि किल्ल्या एजंटकडे दिलेल्या, दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे कपडे बदलायची सोय नाही. पुढचे महिने मग 19 शिलिंगची उंच हॅट, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांना शिवलेला रात्रीचा पोशाख, भावाकडून मागवलेली सोन्याची दुहेरी साखळी. हे सगळं त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. तोच माणूस 1921 च्या सप्टेंबरमध्ये मदुरेत पंचा नेसतो, आणि 5 नोव्हेंबर 1931 ला त्याच पंचा-शालीत बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जला भेटतो. लंडनच्या नोव्हेंबरात! हवेच्या हिशेबानं बघाल तर हाही अनुचितच पोशाख. पण तिथं त्यांना हवेशी बोलायचंच नव्हतं.

याच्याही आधीचं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे, आणि ते मला अधिक धारदार वाटतं. मार्च 1888. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आहे, हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्या सन्मानार्थ समारंभ केला आहे. सरदार, इनामदार, शेठ-सावकार जरीच्या पागोट्यांत, हिऱ्यामोत्यांत. आणि महात्मा जोतीराव फुले तिथं आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात, फाटक्या कपड्यांत. त्यांनी ड्यूकला सांगितलं की इथं दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी रयत बघायची असेल तर खेड्यांत जा, आणि राणीसाहेबांना सांगा की तिच्या शिक्षणाची सोय करा. इथं क्षेमेंद्राला काय म्हणायचं? सभेत एकच माणूस प्रसंगाला विजोड दिसत होता. पण त्याच्या त्या विजोड असण्यामुळे बाकीची सगळी सभाच विजोड ठरली. कुणाच्या जरीचा धागा न धागा तेवढाच राहिला, पण त्याचा अर्थ फिरला. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदेरो यानं अठराव्या शतकात एक मिश्किल निबंध लिहिला होता. त्याला घरात घालायचा एक नवा उंची झगा मिळाला, आणि त्याच्याशेजारी मेज, खुर्ची, भिंतीवरची चित्रं सगळी एकाएकी दरिद्री दिसू लागली, म्हणून तो जुन्या झग्यासाठी हळहळतो. दिदेरोच्या नव्या झग्यानं खोली गरीब केली. फुल्यांच्या फाटक्या कपड्यांनी दिवाणखाना उघडा केला.

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. फुले फाटके कपडे घालू शकले, गांधीजी पंचा नेसू शकले, कारण ते न घालण्याचा पर्याय त्यांच्याजवळ होता. फुले व्यवसायानं कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिले होते. गांधीजी बॅरिस्टर. त्यांनी उतरवलेला कोट सगळ्यांना दिसला, कारण तो आधी चढवलेला होता. पण ज्याला कोट चढवायचीच बंदी आहे, त्यानं काय उतरवायचं?

बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये, 1936 साली, इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाचं उदाहरण दिलं आहे. ते वर्तमानपत्रात 1928 च्या जानेवारीत आलं होतं. तिथल्या गावांतल्या वरच्या जातींनी बलाईंना फर्मान काढलं. जरीच्या काठाचं पागोटं बांधायचं नाही. रंगीत किंवा शोभेच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, तऱ्हेवाईक झगे-चोळ्या घालायच्या नाहीत. मान्य नसेल तर गाव सोडा. म्हणजे धोतर नेसण्यावर हरकत नाही, काठावर आहे. दोन बोटं रुंदीच्या काठावर! 'प्रसंगाला अती' हा शेरा मारायचा अधिकार किती खालपर्यंत पोचलेला होता ते बघा. मूळ लाज कुणाला होती? काठ दिसल्यावर ज्यांना राग आला त्यांनाच ना?

म्हणून डिसेंबर 1927 मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेब तपशिलात शिरतात, लुगडं कसं नेसावं, गळ्यात-हातात ढीगभर कथलाचे-चांदीचे जुने दागिने का घालू नयेत, कपडा फाटका असला तरी स्वच्छ कसा ठेवावा. काही मोठमोठ्या विचारवंतांना हे किरकोळ वाटतं. मला तरी ते त्या परिषदेतल्या सर्वांत थेट राजकारणांपैकी वाटतं. गावानं अंगावर लिहिलेली ओळख पुसायची तर ती अंगावरच पुसावी लागते. आणि बाबासाहेबांचा स्वतःचा सूट. मुंबईच्या दमट हवेत तीन कपड्यांचा सूट-टाय सोयीचा नव्हताच. पण गांधी पंचा नेसून भारतीय झाले आणि आंबेडकर सूट घालून पाश्चात्त्य राहिले, असं जे कधीमधी ऐकू येतं, त्यात विचाराची मोठी गफलत आहे. एकाला आहे ते टाकून देण्यात मोकळेपणा होता, दुसऱ्याला नाकारलेलं अंगावर घेण्यात. दोघंही आपापल्या जागी अगदी औचित्यानं वागले. आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा कोट भर उन्हात उभा आहे, आणि त्याखाली जमणाऱ्या माणसांना तो गरम वाटत नाही.

आता वर्तमानकाळ, जरा भराभर. वकिलांचा काळा कोट. विलायतेत सतराव्या शतकाच्या अखेरीस राजघराण्यातल्या मृत्यूचं सुतक म्हणून वकिलांनी काळा झगा चढवला, असं परंपरेनं सांगतात. सुतक तिथलं, शोक तिथला, आपण फक्त कापड पुढं चालवलं. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखालच्या नियमांनी तो पोशाख ठरवून दिला, काळा कोट, पांढरे बँड, वर झगा. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय वगळता इतरत्र उन्हाळ्यात कोट सक्तीचा नाही, अशी सूट त्यात आहे. 2022 च्या जुलैत उरलेल्या ठिकाणीही उन्हाळ्यात कोट माफ करा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयानं ती ऐकायला नकार देऊन बार कौन्सिलकडे जायला सांगितलं. आणि मधल्या काळात काय झालं होतं? मे 2020 मध्ये, करोनात, त्याच न्यायालयानं परिपत्रक काढून पडद्यावरच्या सुनावणीसाठी कोट आणि झगा बाजूला ठेवायला परवानगी दिली होती. पांढरा शर्ट, पांढरी साडी किंवा सलवार-कमीज आणि गळ्याला बँड, बस्स. न्याय त्या महिन्यांत काही पातळ झाल्याचं ऐकिवात नाही. 2010 साली भोपाळला जयराम रमेश यांनी दीक्षान्त समारंभात अंगावरचा झगा काढून टाकला, वसाहतीचं अवशेष म्हणून. टाळ्या पडल्या. त्यांना काढता आला, ते मंत्री होते.

एक शास्त्रीय गंमत सांगतो. कपड्याची ऊब मोजायचं एकक आहे, त्याला 'क्लो' म्हणतात. 1941 साली ते ठरवलं गेलं. एक क्लो म्हणजे काय? साधारण 21 अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल एवढा पोशाख, म्हणजे ढोबळ मानानं त्या काळचा पुरुषाचा सूट. बघा, मापाचं मूळ एककच सूट! मग कचेऱ्यांतली थंड हवा याच सूटवाल्याच्या हिशेबानं ठरते, आणि साडी नेसलेल्या बायका मे महिन्यात स्वेटर घालून बसतात. कोट घालणाऱ्यासाठी खोली थंड करायची, खोली थंड झाली म्हणून इतरांनी कोट घालायचे. जपाननं 2005 साली 'कूल बिझ' मोहीम काढली. उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांत टाय-कोट नको, वातानुकूलन 28 अंशांवर. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न लावता दिसले, म्हणून कारकून धजावले. वरच्यानं आधी काढल्याशिवाय खालच्याला काढता येत नाही, हे सगळीकडचं सूत्र.

आणि वातानुकूलन यंत्रातून बाहेर फेकलेली गरम हवा जिथं पडते, तिथं उभा असतो तो मॉलचा रखवालदार, पॉलिएस्टरच्या गणवेशात, खांद्यावर झालर. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मला शेवटी बँडवाल्यांकडे यायचं आहे. मे महिन्यातलं लग्न, चार वाजताची वरात. नवऱ्या मुलानं शेरवानी किंवा सूट घातलेला आहे, तो घामाघूम आहे, पण आज त्याचा दिवस आहे आणि घोड्यावर बसलेला आहे. त्याच्यापुढे चालणारी वीस माणसं त्याच्याहून जाड कपड्यांत आहेत. लाल किंवा निळा बंद गळ्याचा कोट, छातीवर सोनेरी नाड्या, खांद्यावर गोंडे, डोक्यावर टोपी. हा पोशाख कुठला? इंग्रजी पलटणीच्या बँडचा. पलटणीनं तो केव्हाच बदलला. खाकी आली, सुती आली. आपण मात्र लग्नासाठी तो जसाच्या तसा ठेवला, कापड तेवढं लोकरीऐवजी कृत्रिम धाग्याचं झालं, म्हणजे घामाला आणखी वाईट. त्यात काम तोंडानं फुंकायचं. ट्रम्पेट वाजवताना श्वासाचं, छातीचं काम किती होतं ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक. घाम सुकून अंग गार व्हायचं, तर त्याला वारा लागावा लागतो. वारा तर बंद गळ्यानं बाहेरच ठेवलेला.

महाराष्ट्रात हे काम पिढीजात करणारी बहुतेक मंडळी कोणत्या समाजांतली आहेत, हे मी सांगायला नको. हलगी-डफ वाजवणाऱ्यांचीच पुढची पिढी क्लॅरिनेटपर्यंत आली. ज्यांच्या आज्यापणज्यांना काठाचं धोतर वर्ज्य होतं, त्यांच्या अंगावर आता सोनेरी झालर आहे, आणि ती काढायला परवानगी नाही. एका तरुण वादकाला मी विचारलं होतं, हे काढून साधा सुती सदरा घातला तर? तो म्हणाला, "सर, मग लोक म्हणतात बँड आणलाच नाही. पैसे कापतात." दुसरा, वयानं मोठा, म्हणाला की हा कोट घातला की वरातीतली पोरं अंगचटीला येत नाहीत, नाहीतर ढकलतात. म्हणजे पैसे देणाऱ्याच्या दृष्टीनं तो कोट म्हणजे शोभा. घालणाऱ्याच्या दृष्टीनं एकदा भुर्दंड, एकदा चिलखत. 1854 चे बूट आठवा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी या मोसमात कार्य असेल. बँड ठरवताना सुपारी देतो तेव्हा आपण गाण्यांची यादी सांगतो, वेळ सांगतो, माणसं किती ते विचारतो. कोट नको, सदरा चालेल, हे सांगायला एक वाक्य लागतं, आणि ते सांगायचा अधिकार सुपारी देणाऱ्यालाच असतो.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं ठेवली आहेत असं संयोजक म्हणतात. ज्यांना कोट काढायचे असतील त्यांनी काढावेत, मग बोलू.